गळणारे छप्पर, वेल्डिंगचे सहा टाके आणि कलम ५२

प्रश्न : वडिलांनी १९७९ मध्ये कुवेतहून परतताना १९७३ची पोर्शे ९१४ (दोन लिटर) सोबत आणली. ती रीतसर महाराष्ट्रात नोंदलेली आहे. वडील पाच महिन्यांपूर्वी गेले, गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे आणि नोंदणीची मुदत दोन महिन्यांनी संपते. गाडीचे मधले छप्पर काढता येते आणि पावसाळ्यात ते गळते. एका गॅरेजवाल्याने त्या जागी कायमचे पोलादी छप्पर वेल्ड करून देतो असे सांगितले. ‘पासिंगची काळजी करू नका, बॉडी टाइप बदलून आणायला आपला एजंट आहे,’ असेही म्हणाला. मी दीड लाख रुपये ॲडव्हान्स दिला. त्याने पत्रा बसवून समोरच्या काचेच्या चौकटीला सहा टाके मारले आहेत, मागच्या कमानीला अजून हात लावलेला नाही. आता मित्र म्हणतो की हे बेकायदा आहे. पण पोर्शेनेच ९१६ या गाडीत असे छप्पर केले होते, मग मला अडचण का? पुढे विंटेज नोंदणीही करायची आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : आज पहिले काम म्हणजे गॅरेजला लेखी कळवून काम थांबवा. व्हॉट्सॲपवर कळवले तरी चालेल, पण तारीख दिसली पाहिजे. ‘छप्पर वेल्ड करण्याचे काम पुढे करू नये, गाडी आहे त्या स्थितीत ठेवावी,’ एवढे दोन ओळींत लिहा. मागच्या कमानीला टाका पडलेला नाही हे तुमचे नशीब. तुमच्या प्रकरणाचा सगळा भार त्यावरच आहे.

मित्राचे म्हणणे बरोबर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२(१)नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. फेरबदल कशाला म्हणायचे तेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे : वाहनाच्या रचनेत असा बदल, ज्याने त्याचे मूळ स्वरूप बदलते. टार्गाचे, म्हणजे मधले छप्पर काढता येणाऱ्या गाडीचे, मूळ स्वरूप कोणते, हे पोर्शेने छप्पर सुटे करून सांगून ठेवले आहे. ते कायमचे बंद केले की उघडी गाडी बंद गाडी होते. यात वाद घालायला फार जागा उरत नाही.

पूर्वी काही राज्यांच्या नियमांचा आधार घेऊन असे बदल मंजूर करून घेतले जात. केरळच्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र या निकालात न्यायालयाने म्हटले की राज्याचे नियम कलम ५२ला दुय्यम आहेत आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारा बदल नोंदवता येणार नाही. गॅरेजवाल्याचा एजंट आरसी बुकात काय लिहून आणेल याने काही बदलत नाही. उलट खोट्या नोंदीचा वेगळा ससेमिरा मागे लागेल, आणि अर्जावर सही एजंटची नसेल, तुमची असेल. शिक्षेचे म्हणाल तर २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए(४)मध्ये परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत.

आता ९१६चा मुद्दा. युक्तिवाद हुशार आहे, म्हणून नीट उत्तर देतो. १९७१-७२च्या सुमारास पोर्शेने ९१६च्या अकरा गाड्या बनवल्या. त्यांचे छप्पर पोलादी होते आणि कारखान्यातच वेल्ड केलेले होते, इंजिन ९११ एसचे सहा सिलिंडरचे होते आणि चाकांवरचे पत्रे रुंद होते. ते वेगळे वाहन होते. कलम ५२ उत्पादकाने ‘या’ वाहनाला मुळात काय दिले ते पाहते, त्याच कंपनीने शेजारच्या शेडमध्ये दुसऱ्या गाडीला काय केले ते पाहत नाही. तुमच्या आरसीवर ९१४ आहे, शासीवरही (गाडीच्या मूळ सांगाड्यावरही) ९१४चाच क्रमांक ठोकलेला आहे.

आरसीचा विषय निघाला आहे तर घरी गेल्यावर जुने बुक उघडून ‘बॉडी’च्या रकान्यात काय लिहिले आहे ते बघा. हाताने भरलेल्या जुन्या बुकांत कारकुनाने दोन दारांच्या प्रत्येक गाडीपुढे ‘सलून’ (बंद छपराची गाडी) लिहून टाकलेले आढळते. तसे असेल तर ‘आरसीत आधीच बंद गाडी आहे, मग छप्पर बसवले तर विसंगती कुठे?’ असा मोह होईल. तो आवरा. तुलना उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी होते, कारकुनाच्या चुकीशी नव्हे. शिवाय विंटेजच्या तपासणीत हीच चूक गाडीत बदल झाल्याचा पुरावा म्हणून उलटू शकते. हस्तांतराच्या अर्जासोबतच ती दुरुस्त करून घ्या.

तुमचे खरे नुकसान मात्र ५,००० रुपयांच्या दंडात नसून विंटेज नोंदणीत आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१-ए ते ८१-जी हे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा मोटार विंटेज ठरते, पण एका अटीवर : ती मूळ स्वरूपात राखलेली असावी, आणि शासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. बॉडी शेल हा शब्द नियमातच आहे. ९१४ला वेगळी शासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच शासी. काचेची चौकट आणि मागची कमान त्याच सांगाड्याचे भाग आहेत. त्या दोहोंना कायमचा पत्रा जोडला की विंटेज गाड्या तपासणाऱ्या राज्याच्या समितीपुढे तुम्ही स्वतःच गाडी अपात्र करून उभे राहिलात.

त्यातली गंमत अशी की विंटेज नोंद मिळाली तर गाडी रोज रस्त्यावर काढायचीच नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. म्हणजे साध्या नोंदणीत राहिलात तर कलम ५२ छप्पर बसवू देत नाही, आणि विंटेजमध्ये गेलात तर जुलैच्या पावसात ऑफिसला जायला नियम परवानगी देत नाहीत. दोन्ही वाटांनी पोलादी छप्पर निरुपयोगी आहे.

मारलेल्या सहा टाक्यांचे काय? काम अपुरे आहे आणि ते पूर्ववत करता येते, म्हणून ते आताच काढा. कलम ५२(३)नुसार परवानगीविना केलेला फेरबदल १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचा असतो. पण न झालेल्या फेरबदलाची कबुली स्वतःहून देऊ नका. तुमच्याकडे फसलेली आणि मागे घेतलेली दुरुस्ती आहे, तिचा नीट पुरावा ठेवा.

पत्रा छिन्नीने उचकटू देऊ नका. टाक्याभोवती गोल कापणारा स्पॉट वेल्ड कटर वापरून फक्त वरचा पत्रा सोडवायचा, खालची चौकट भोक न पाडता वाचवायची. उरलेला उंचवटा घासून सपाट करायचा, जिथे मूळ पत्रा उघडा पडला तिथे झिंक प्रायमर आणि मग रंग. काम सुरू करण्यापूर्वी, मधे आणि शेवटी प्रत्येक टाक्याचा जवळून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. गॅरेजच्या बिलावर ‘काचेच्या चौकटीवरील टाके काढून मूळ स्थिती केली, रचनेत बदल नाही’ असे लिहून घ्या. समितीपुढे हा कागद फार मोलाचा ठरेल.

त्या चौकटीवर पुन्हा वेल्डिंग करायचा विचार कोणी मांडलाच तर दोन गोष्टी ध्यानात असू द्या. ९१४ची पेट्रोल टाकी पुढच्या डिकीत, काचेखालच्या भिंतीला टेकून असते, ठिणगीपासून हातभर अंतरावर. आणि दोन लिटरच्या गाडीत बॉशचे डी-जेट्रॉनिक इंजेक्शन (पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) आहे, त्याच्या कंट्रोल युनिटचा प्लग काढल्याशिवाय वेल्डिंग मशीन लावले तर ते युनिट जाऊ शकते. तुमच्या गॅरेजवाल्याने टाके मारताना टाकी उतरवली होती का आणि तो प्लग काढला होता का, हे विचारून उत्तर लेखी घ्या. पैसे परत मागताना उपयोगी पडेल.

छप्पर गळण्याचा प्रश्न कायद्याच्या चौकटीत सुटतो, कारण मूळ भागाची दुरुस्ती म्हणजे फेरबदल नव्हे. ९१४चे छप्पर फायबरचे एकच पान आहे, काढले की मागच्या डिकीत बसते. पाणी बहुधा त्या पानातून येत नाही, कडेच्या दगड झालेल्या रबरातून येते. पुढे काचेच्या चौकटीवरचे, मागे कमानीवरचे, आणि बाजूला दाराची काच जिथे टेकते ते. रबराला खडू चोळून छप्पर आणि दारे बंद करा, मग उघडून पाहा. खडू जिथे उमटला नाही तिथे फट आहे. मग पाण्याची नळी कमी दाबाने, खालून वर, एकेका जागी पाच मिनिटे धरा. वरून सुरुवात केली तर सगळीकडून पाणी ओघळते आणि काहीच कळत नाही. पुष्कळदा दोष छपराचा नसून समोरची काच जिथे चिकटवली आहे तिथला निघतो. रबरांचा पूर्ण संच एकदम बदला, आणि दाराच्या काचा सर्वांत शेवटी जुळवा, कारण त्यांना चौकट नाही, त्या रबरावरच टेकतात. नवे रबर कडक असते, पहिले काही आठवडे दार जोरात लावावे लागेल.

त्याआधी एक तपासणी चुकवू नका. ९१४ची बॅटरी इंजिनाच्या खणात उजवीकडे असते. वरच्या जाळीतून आलेले पाणी आणि ॲसिड मिळून तिच्या खालचा पत्रा आणि उजवा लांब तुळईवजा भाग सडवतात. हा भाग कमजोर झाला की गाडी मध्यात खचते आणि दाराची वरची फट बारीक होते. दार बंद ठेवून उजव्या बाजूने जॅक लावा, दाराची फट हलली तर सांगाडा सैल आहे. छप्पर गळण्यामागेही हेच कारण असू शकते. अशा खचलेल्या गाडीवर पोलादी छप्पर वेल्ड केले असते तर तिचा वाकडेपणा कायमचा पक्का झाला असता. सडलेला पत्रा काढून त्याच आकाराचा, त्याच जागी नवा घालणे ही दुरुस्ती आहे; तिचेही फोटो आणि बिले ठेवा.

छपराचे मूळ पान खराब झाले असेल आणि परदेशातून जुने मागवायचे असेल तर जरा थांबा. परकीय व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित आहे, त्यासाठी डीजीएफटीचे (परकीय व्यापार महासंचालनालयाचे) अधिकारपत्र लागते. कुरियरने मागवलेले जुने पान कस्टम्समध्ये अडकेल. नवीन रबर किंवा नवे बनवलेले पान मागवायला ही अडचण नाही. त्याच मापाचे, मूळ खिट्ट्यांनाच अडकणारे आणि हाताने निघणारे पान बसवले तर माझ्या मते ते कलम ५२च्या कक्षेत येत नाही.

आता कागदांचा क्रम. मालक मृत असताना नूतनीकरणाचा अर्ज करणार कोण, म्हणून आधी हस्तांतर. मृत्यूनंतर ३० दिवसांत प्राधिकरणाला कळवणे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरणे अपेक्षित होते. तुमची मुदत टळली आहे, विलंबाची रक्कम भरून अर्ज घेतला जातो. आरसी, मृत्यू प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि इतर वारसांची संमती जोडा. आई आणि भावंडे असतील तर त्यांच्या सह्या आत्ताच घ्या. गाडीची किंमत कळल्यावर सह्या महाग होतात.

त्यानंतर साधे नूतनीकरण हवे असेल तर नमुना २५, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. विंटेज हवी असेल तर नमुना २०, सोबत विमा आणि जुने आरसी. नवीन नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो, तो सोडू नका. प्रमाणपत्र १० वर्षांसाठी मिळते. दोन्हीसाठी गाडी अधिकाऱ्यापुढे न्यावी लागेल, म्हणून टाके काढण्याचे काम त्याच्या आधी पुरे करा. गाडी डाव्या स्टिअरिंगची आहे. कलम १२०नुसार चालू स्थितीतला इशारादर्शक लागतो. मागचे इंडिकेटर तपासून घ्या.

विमा कंपनीला या उद्योगाबद्दल काही कळवले नसेल तर टाके निघेपर्यंत गाडी चालवू नका. महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून पॉलिसी घेतली, असा बचाव कलम १५० विमा कंपनीला देते. विंटेज नोंद झाल्यावर गाडीचे मूल्यांकन करून ठरलेल्या रकमेची पॉलिसी घ्या, नाहीतर घसारा लावून हाती किरकोळ रक्कम येते.

राहिले दीड लाख. गॅरेजवाल्याने ‘पासिंग करून देतो’ असे सांगून काम घेतले. जे काम कायद्याने होऊच शकत नाही त्याचा करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३खाली शून्य आहे. करार शून्य असल्याचे नंतर उघड झाले तर घेतलेला लाभ परत करावा लागतो, हे त्याच अधिनियमाचे कलम ६५ सांगते. तो म्हणेल, ‘मालकालाही ठाऊक होते.’ म्हणून तुमच्या जुन्या मेसेजमध्ये ‘एजंटकडून जमवून घ्या’ असे काही तुम्ही लिहिले आहे का ते वकिलाला आधी दाखवा. तसे असेल तर भांडण्यापेक्षा तडजोड शहाणपणाची : टाके त्याने स्वखर्चाने काढावेत, त्याने खरोखर लावलेल्या मालाची रक्कम वजा करून बाकी परत करावी. तसे नसेल तर १५ दिवसांची नोटीस द्या आणि जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. गाडी मात्र तोपर्यंत त्याच्या शेडमध्ये ठेवू नका. पैसे मिळेपर्यंत ती तिथेच राहू द्यावी असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याचे देणे वादात आहे असे लिहून द्या आणि गाडी ट्रकवर घालून घरी आणा.