ऐतिहासिक पोशाखावरून आजचे कपडे कसे डिझाइन करावेत?

तुम्ही लिहिलंय की पेशवाई पोशाखावरून ऑफिसला घालता येतील असे कपडे करायचेत, पण काहीही काढलं तरी ते गॅदरिंगच्या ड्रेपरीसारखं दिसतं. मी दादरला बारा वर्षं हेच काम करते. माझं ऐकाल तर पैठणीचे काठ, नथ, चंद्रकोर सगळं आधी बाजूला ठेवा आणि जुना कपडा बेतलाय कसा ते बघा.

अंगरखाच घ्या. आजच्या शर्टाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, गोल कापलेला असतो. लोकलमध्ये कडी धरायला हात वर केला की अख्खा शर्ट वर ओढला जातो, कंबर उघडी पडते. अंगरख्याच्या काखेत एक चौकोनी तुकडा तिरका जोडलेला असतो, आमचे मास्टर त्याला चौबगला म्हणतात. हात वर गेला की तो चौकोन उघडतो आणि खालचा घेर फारसा हलत नाही. मी साध्या सुती कुर्त्यालाही चार बाय चार इंचांचा चौबगला लावते. बाहेरून कोणाच्या लक्षातही येत नाही, पण घालणारीला पहिल्याच दिवशी कळतं.

बाराबंदीवर, म्हणजे बारा बंदांनी बांधायच्या जुन्या सदऱ्यावर, माझा फार जीव. पण बाराही बंद ठेवले तर सकाळच्या घाईत बांधणार कोण? गर्दीत ते बॅगेच्या चेनमध्येही अडकतात. म्हणून बाहेर दोनच बंद ठेवते आणि आत टिचबटणांच्या दोन ओळी. पोट वाढलं की टिचबटणांची सैल बसणारी ओळ लावायची. माझ्या एका गिऱ्हाइकाने सातव्या महिन्यापर्यंत तोच टॉप घातला.

खण वापरणार असाल तर आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजा. ते कापड मुळात चोळीसाठी विणलेलं, त्यामुळे अरुंद असतं. लांब ड्रेसला जोड येणारच, तो लपवू नका, काठ तिथेच आणा.

राणीच्या बागेशेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथे जुन्या मुंबईकरांचे पेहराव दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. वही घेऊन जा.

पहिला नमुना मांजरपाटात शिवा. कापड आटतं, म्हणून रात्रभर भिजवून, वाळवून मगच बेता. तो घालून दादर ते ठाणे उभ्याने जा, आणि जिथे ओढेल तिथे घरी आल्यावर खडूने खूण करा.