टोकियोत शिकायला येताय? भुयारी रेल्वेविषयी थोडेसे

टोकियोत काही महिन्यांसाठी शिकायला येणाऱ्याने आधी हे समजून घ्यावे की इथली भुयारी रेल्वे एकाच संस्थेची नाही. टोकियो मेट्रो या कंपनीचे ९ आणि तोएई या शहर प्रशासनाच्या सेवेचे ४ मार्ग आहेत, आणि प्रवासात एकीकडून दुसरीकडे गेलात की दोन्हींचे भाडे लागते (थोडी सूट मिळते), त्यामुळे सर्वांत जलद मार्ग स्वस्त असेलच असे नाही. सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून वापरायचे कार्ड मात्र दोन्हींकडे चालते, ते पहिल्याच दिवशी घ्या.

नवख्या कानाला स्थानकांची नावे सारखीच वाटतात, म्हणून क्रमांकांवर भिस्त ठेवा. गिंझा मार्गावर शिबुया जी ०१ आणि आसाकुसा जी १९ आहे; पुढच्या स्थानकाचा आकडा वाढतोय की घटतोय, एवढ्यावरून आपण योग्य दिशेने चाललो आहोत का हे कळते.

खरी कसोटी बाहेर पडताना लागते. पहिल्याच आठवड्यात मी शिंजुकूला भलत्याच दाराने वर आलो आणि समोर दिसणाऱ्या इमारतीपर्यंत पोहोचायला भर पावसात मोठा वळसा घालावा लागला. पिवळ्या फलकांवर ए३, बी५ असे दारांचे क्रमांक असतात; निघण्यापूर्वीच आपला क्रमांक टिपून ठेवा, आणि फलाटावरून वर येताना घाई न करता तोच शोधा.

सकाळच्या गर्दीत पाठीवरची सॅक पुढे घ्यावी, गाडीत फोनवर बोलू नये. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या बंद होतात, तेव्हा शेवटच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवा.