ऑइल उतरवलं, पण जुना फिल्टर निघत नाही. स्क्रू ड्रायव्हर ठोकू का?

ठोकू नका. निदान आज तरी नको.

तुम्ही लिहिलंय ते असं: घरीच गाडीचं ऑइल बदलायला घेतलं, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) बोल्ट काढून जुनं ऑइल टबात उतरवलं, आणि आता फिल्टर जागचा हलत नाही. हात नुसता घसरतोय. शेजारचे काका म्हणतायत, लांब स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोक आणि त्यालाच धरून फिरव. काकांना चहा पाजा, त्यांचा स्क्रू ड्रायव्हर मात्र पेटीतच राहू दे.

कारण असं की गाडी अडकलीय असं तुम्हाला वाटतंय, पण ती अजून अडकलेली नाही. फिल्टर शाबूत आहे. चेंबरचा बोल्ट वायसरसकट परत बसवा, नवीन ऑइल ओता, आणि जुन्याच फिल्टरवर गाडी चालवत गॅरेजला न्या. फिल्टरमध्ये उरलेलं वाटीभर काळं ऑइल नव्यात मिसळेल, नुकसान झालं तर एवढंच. दोन-चार दिवस जुन्या फिल्टरवर काढल्याने इंजिनाला काही होत नाही. आणि फिल्टर बदलायला चेंबर रिकामंच असावं लागतं असंही नाही. बहुतेक गाड्यांत फिल्टर ऑइलच्या पातळीच्या वर असतो. भरल्या चेंबरवरही तो काढता येतो, वाटी-दोन वाटी ऑइल सांडतं तेवढंच. फिल्टरला भोक पाडलंत की मात्र हे सगळे रस्ते बंद. मग गाडी ओढूनच न्यावी लागते.

मी हे शर्ट घालवून शिकलोय. कोल्हापुरात असताना एक जुनी छोटी गाडी घेतली होती, दुसऱ्या हाताची. दिवाळीची सुट्टी, रविवार, दुकानं बंद. तुमच्यासारखंच आधी ऑइल उतरवून मोकळा झालो आणि मग फिल्टरला हात घातला. ढिम्म. अर्धा तास झटापट केली आणि शेवटी वडिलांचा फूटभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन ठोकला. ठोकताना काही वाटत नाही, पत्रा पातळच असतो. फिरवायला गेलो, तर फिल्टर तिथेच आणि स्क्रू ड्रायव्हर मात्र पत्रा चिरत पुढे. दुधी कापावा तसा अर्धा डबा उघडला. आतलं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून बाहीत. आतला कागद लोंबायला लागला. आणखी दोनदा ठोकल्यावर डबाच हातात आला आणि इंजिनावर राहिली ती त्याची जाड गोल प्लेट, तशीच घट्ट, धारदार कडांसकट.

उद्यमनगरात टर्नरचं काम करणारा एक ओळखीचा माणूस होता. तो स्कूटरवरून छन्नी-हातोडी घेऊन आला, खाली झोपला, प्लेटच्या काठावर छन्नी तिरकी धरून चार-पाच हलके ठोके मारले आणि प्लेट फिरली. मग त्याने त्या प्लेटमधली रबराची रिंग काढून माझ्या हातात दिली. वाकवून बघ म्हणाला. वाकवली तर कट्कन मोडली. रबर राहिलंच नव्हतं त्यात. "कोरडीच बसवलीय," तो म्हणाला, "आणि वर पान्याने आवळलीय."

फिल्टर जाम होण्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं. नवीन फिल्टर बसवताना रिंगला ऑइलचं बोट लावायचं असतं, ते लावलेलं नसतं. रिंग कोरडी असली की आवळताना ती इंजिनाच्या धातूला चिकटून पिळली जाते. मग हजारो किलोमीटर गरम-गार होत ती कडक होते आणि तिथेच भाजल्यासारखी बसते. त्यात कुणी घाईत पाना लावून आवळली असेल तर बघायलाच नको. आटे गंजून फिल्टर अडकणं तसं विरळा. तिथे सदा ऑइलच असतं. म्हणजे तुमची लढाई रबराशी आहे, लोखंडाशी नाही.

आता उपाय. तुमच्या गाडीत पत्र्याच्या डब्यासारखा फिल्टर आहे असं धरून लिहितोय. प्लास्टिकच्या टोपीखाली नुसता कागदी फिल्टर असेल, तर पट्टे-बिट्टे लावू नका, त्या टोपीच्या मापाची गोटीच (सॉकेट) आणा. ती टोपी फुटते.

पहिली गोष्ट दिशा. हसू नका, खाली झोपलं की भलेभले चुकतात आणि अर्धा तास फिल्टर आणखी आवळत बसतात. फिल्टरच्या बंद बुडाकडे बघत असाल तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचं. पण बॉनेटमधून वरून हात घालून खाली लटकणारा फिल्टर फिरवत असाल, तर तुम्ही त्याच्या पाठीमागून बघताय; तुम्हाला तो काट्यांच्या दिशेने फिरताना दिसला पाहिजे. गोंधळ होत असेल तर नव्या फिल्टरच्या बुडावर मार्करने काट्यांच्या उलट दिशेचा बाण काढा आणि तो जुन्याच्या शेजारी त्याच अवस्थेत धरा. डोकं चालवायची गरज उरत नाही.

दुसरं, गाडी कशावर उभी आहे? नुसत्या जॅकवर असेल तर बाहेर या. जाम फिल्टरला माणूस सगळं अंग टाकून हिसका देतो, आणि तो हिसका आडवा बसतो. जॅक नेमका आडव्या धक्क्याने सटकतो. खाली स्टँड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर टाका, जमिनीवर टेकलेल्या चाकांना दगड लावा. स्टँड नसेल तर आज बोल्ट लावून ऑइल भरा आणि विषय उद्यावर टाका.

मग फिल्टर पुसा. नुसतं फडकं फिरवून भागत नाही. भांड्यांच्या साबणाचा हात मारून, पुसून, कोरडा करा. तुमचे हातही. मग पॉलिश पेपर घ्या, खरखरीत बाजू फिल्टरकडे करून गुंडाळा आणि दोन्ही हातांनी धरून फिरवा. हातात रबरी मोजे असतील तर उत्तम. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडाही चालतो. निम्म्या वेळा काम इथेच होतं, असा माझा अनुभव.

नाही झालं तर तरफ लागणार. फिल्टरचा व्यास साधारण सात सेंटिमीटर, म्हणजे हाताला मिळणारी तरफ साडेतीन सेंटिमीटरची. त्याला तीस सेंटिमीटरचा दांडा जोडला की तीच ताकद साडेआठ पट होते. बाजारात यासाठी पट्ट्याचा फिल्टर पाना मिळतो. आज दुकान बंद असेल तर चामड्याचा जुना कमरपट्टा काढा. टोक बकलातून ओवून फास करा, फास फिल्टरवर असा चढवा की सोडवायच्या दिशेने ओढल्यावर तो आवळला जाईल. उरलेला पट्टा एका लाकडी दांडक्याला गुंडाळत गुंडाळत दांडकं फिल्टरला टेकवा, आणि मग दांडकं फिरवा. सावकाश, वाढत्या जोराने. हिसका नको.

पट्टा कुठे लावताय याला फार महत्त्व आहे. आपण सहज हाताला येतं त्या बाजूला, म्हणजे बुडाजवळ लावतो. तिथे नुसता पातळ पत्रा असतो, तो पिचतो, आणि पिचलेल्या डब्यावर मग कुठलाच पाना धड बसत नाही. पट्टा इंजिनाकडच्या काठाला लावा, जितका जवळ जाईल तितका. त्या टोकाला आत जाड प्लेट असते. ती पत्र्याला आतून आधार देते आणि जोर थेट रिंगवर जातो.

टोपीसारखा कप मिळतो, फिल्टरच्या बुडावर बसणारा, त्याला रॅचेट (गोटी फिरवायचा दांडा) लागतो. काम छान करतो, पण मापाचा पाहिजे. दुकानात जाताना लोक नवा फिल्टर घेऊन जातात आणि त्यावर कप बसवून बघतात. गाडीला लागलेला जुना फिल्टर दुसऱ्याच कंपनीचा निघाला की कप नव्याला फिट आणि जुन्याला सैल. जुन्याच्या घेराला दोरी लावून माप घ्या, बुडाच्या कडा मोजा, मग जा. रॅचेटला लावायचा तीन पायांचा पानाही येतो, तो जितका फिरवू तितका आवळतो. जागा असेल तर तो घ्या, त्याला मापाची भानगड नाही. प्लंबरकडचा चेन पाना सगळ्यात ताकदवान, पण तो पत्र्यात रुततो. तेव्हा तो शेवटून दुसरा.

गरम करण्याबद्दल. रबर गरम असताना थोडं सोडतं हे खरं, पण तुमचं चेंबर आत्ता रिकामं आहे. या अवस्थेत इंजिन एक सेकंदही चालू करायचं नाही. बोल्ट लावून ऑइल भरलंत तर टाकलेला गिअर काढून इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करा, फिल्टरला हात लावता येईल इतपत थांबा आणि पुन्हा पट्टा लावा. ज्योत, ज्वाळेचा ब्लो-टॉर्च, स्टोव्ह यातलं काहीही गाडीखाली न्यायचं नाही. हे मी का लिहितोय असं वाटेल, पण एकाला पेटती मेणबत्ती घेऊन खाली शिरताना मी पाहिलंय.

हे सगळं करूनही नाही हलला तर छन्नी, आणि ती सवयीच्या हातात असू द्या. फिल्टर ज्यावर टेकतो तो इंजिनाचा भाग बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. छन्नी सटकून तिथे ओरखडा पडला तर नवा फिल्टरही गळणार. मधल्या पोकळ आटेवाल्या नळीला धक्का लागला तर खर्च आणखी वाढला. कधीकधी फिल्टर निघताना ती नळीही त्याच्याबरोबर बाहेर येते. घाबरू नका, ती काढून परत इंजिनात घट्ट बसवायची असते. हे मात्र गॅरेजवाल्याकडून करून घ्या.

निघाला की आनंदाच्या भरात एक गोष्ट विसरू नका: जुन्या फिल्टरच्या तोंडाशी रबराची रिंग आहे का बघा. नसेल तर ती इंजिनावरच चिकटून राहिलीय. तिच्यावर नवा फिल्टर बसवलात तर दोन रिंगा एकमेकींवर बसतात, गाडी चालू केल्यावर दाबाने त्या सरकतात आणि सगळं ऑइल बघता बघता रस्त्यावर. नखाने काढा, ती जागा पुसून बोट फिरवून बघा. नव्या रिंगला ताज्या ऑइलचं बोट लावा, फिल्टर हातानेच फिरवत न्या, रिंग टेकली की तिथून साधारण पाऊण फेरा हाताने. बऱ्याच फिल्टरच्या डब्यावर हा आकडा छापलेला असतो, तोच पाळा. पाना लावायचा नाही. हातात जोर कमी वाटतो, पण रिंगला तेवढा पुरतो. ऑइल भरून गाडी चालू केली की ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. विझला तर वाकून फिल्टरखाली बघा, थेंब नाही ना. मग बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघा.

पुढच्या खेपेला क्रम उलटा करा. इंजिन कोमट असताना, बोल्टला हात लावायच्या आधी, फिल्टर जरासा सैल करून बघा. पाव फेरा फिरला की बस. मग ऑइल उतरवा. नाहीच फिरला तर गाडी अजून चालती आहे, किल्ली फिरवून गॅरेजला जा. त्या दिवाळीनंतर मी असंच करतो.

टबातलं काळं ऑइल जुन्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, ते पुढे रिसायकलवाल्याकडे जातं. गटारात ओतू नका. घातक कचऱ्याच्या २०१६च्या सरकारी नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. आमच्या गावाकडे वाळवी लागू नये म्हणून ते खांबांना फासायचे, तेही आता नको, पावसात धुऊन विहिरीपर्यंत जातं. आणि पार्किंगमध्ये सांडलेल्यावर आधी भुसा किंवा माती टाकून झाडून घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना तो डाग फिल्टरपेक्षा जास्त चिकटतो.