मोफत रोपणाच्या बदल्यात तक्रार सोडून द्यावी का?

प्रश्न: माझ्या 68 वर्षांच्या आईच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया 16 महिन्यांपूर्वी आमच्या जिल्ह्यातील एका खाजगी रुग्णालयात, पूर्ण शुल्क भरून झाली. नजर कधीच स्वच्छ झाली नाही. ‘सूज उतरेल’ असे सांगून सहा महिने थेंबच दिले गेले. पुढे डोळ्यात काच गेल्यासारख्या वेदना सुरू झाल्या. पुण्यातील तज्ज्ञांनी कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) निकामी होऊन त्यावर फोड येत असल्याचे आणि कॉर्नियाचे रोपण लागणार असल्याचे सांगितले. आता पहिले रुग्णालय मोफत रोपण करून देण्यास तयार आहे, मात्र ‘आमची कोणतीही तक्रार नाही’ असे लिहून मागत आहे. सही करावी का? आधी दुसरीकडे उपचार घेतले तर पुरावा जाईल का? मामा पोलिसांत जा म्हणतात.

उत्तर: सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. खटल्यासाठी आईचे उपचार एक दिवसही थांबवू नका. फुटलेला प्रत्येक फोड ही डोळ्यावरची उघडी जखम असते आणि तिच्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. रोपणाला अवकाश असला तरी वेदना कमी करण्याचे उपाय आजही आहेत: सूज ओढून घेणारे क्षारयुक्त थेंब व मलम, जखमेवर पट्टीसारखी बसवली जाणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स, संसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविक थेंब. यांपैकी काय व किती काळ वापरायचे, हे कॉर्नियाच्या तज्ज्ञांनीच ठरवायचे आहे, कारण त्या लेन्सवरही नियमित देखरेख लागते. कायद्याच्या दृष्टीनेही हेच हिताचे आहे. स्वतःचे नुकसान वाढू न देण्याची वाजवी काळजी तक्रारदाराने घेणे अपेक्षित असते, आणि टाळता येण्याजोग्या वाढीव हानीची भरपाई ग्राहक आयोग नाकारू शकतो.

पुरावा उपचाराने जात नाही, नोंदी न ठेवल्याने जातो. रोपणापूर्वी पुण्यातील डॉक्टरांकडून कॉर्नियाची जाडी, डोळ्याचा दाब, दृष्टीची मोजणी, छायाचित्रे आणि सद्यस्थितीचा लेखी अहवाल घ्या. चूक कोणाची हे लिहिण्याचा आग्रह त्यांना धरू नका. त्यांनी प्रत्यक्ष काय पाहिले तेवढेच तटस्थपणे लिहिलेले आयोगापुढे अधिक वजनदार ठरते.

आता खटल्याचा गाभा. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो पाणी बाहेर टाकून कॉर्निया पारदर्शक ठेवतो. प्रौढ माणसात या पेशी नष्ट झाल्या की त्यांची जागा नव्या पेशी भरून काढत नाहीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत त्यांची थोडी हानी होतेच, आणि ज्यांचा थर आधीच विरळ किंवा फुक्सच्या विकाराने (या पेशी हळूहळू नष्ट होत जाण्याचा आजार) ग्रासलेला असतो, त्यांच्यात उत्तम हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही अशी सूज राहू शकते. म्हणून केवळ फोड आले एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. जेकब मॅथ्यू (2005) आणि कुसुम शर्मा (2010) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले आहे.

तुमची बाजू उभी राहील ती शस्त्रक्रियेच्या आधी काय दिसत होते आणि नंतर काय केले गेले, यावर. आधीच्या तपासणीत हा थर दुबळा असल्याच्या खुणा दिसल्या होत्या का? दिसल्या असतील, तर पेशींची मोजणी केली का, आणि हा विशिष्ट धोका आईला समजेल अशा भाषेत सांगितला का? समीरा कोहली (2008) निकालानुसार संमतीपत्रावरची सही पुरेशी नाही. संमती देण्यापूर्वी रुग्णाला पुरेशी माहिती मिळालेली असली पाहिजे. शस्त्रक्रियेच्या टिपणात भिंगामागची पिशवी फाटल्याचा किंवा कृत्रिम भिंग डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात बसवल्याचा उल्लेख आहे का, तेही पाहा. माझ्या मते मात्र तुमच्या हकिकतीतील सर्वांत गंभीर भाग ते सहा महिने आहेत. सूज उतरत नसताना जाडी मोजली नसेल आणि कॉर्नियाच्या तज्ज्ञाकडेही पाठवले नसेल, तर त्याचे समाधानकारक उत्तर रुग्णालयाला द्यावे लागेल.

यासाठी संपूर्ण नोंदी लागतील. आईच्या सहीने लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार मागणीनंतर 72 तासांत त्या देणे बंधनकारक आहे. तपासणीपत्र, संमतीपत्र, शस्त्रक्रियेचे टिपण, बसवलेल्या भिंगाचे लेबल आणि नंतरच्या प्रत्येक भेटीची नोंद यांचा अर्जात स्पष्ट उल्लेख करा. व्ही. किशन राव (2010) निकालानुसार तज्ज्ञाचे मत प्रत्येक प्रकरणात अनिवार्य नसले, तरी तुमच्यासारख्या प्रकरणात त्यावाचून तक्रार उभी राहणे कठीण आहे. त्याची सोय आधीच करा.

आहे त्या स्वरूपात त्या कागदावर सही करू नका. दाव्याचा त्याग केल्याचे असे लेखी निवेदन पुढे तुमच्याच विरुद्ध ठेवले जाईल, आणि ते दबावाखाली दिले होते हे सिद्ध करण्याचा भार आईवर येईल. रोपण मोफत मिळाले तरी पुढचे औषधोपचार, वारंवार तपासण्या आणि रोपण नाकारले जाण्याची शक्यता उरतेच. त्याच रुग्णालयात रोपण करायचे असेल, तर त्यांच्याकडे कॉर्नियाचे तज्ज्ञ आणि मानवी अवयव व ऊती प्रत्यारोपण कायद्याखालील नोंदणी आहे का हे पाहा, आणि ‘आमचे सर्व कायदेशीर हक्क अबाधित ठेवून हे उपचार स्वीकारत आहोत’ असे लेखी कळवा. ते याला तयार नसतील तर रोपण दुसरीकडे करा आणि प्रत्येक पावती जपून ठेवा. खर्चाची अडचण असल्यास धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांसाठी राखीव खाटांची योजना आहे; तिची चौकशी रुग्णालयातील समाजसेवकाकडे करावी.

ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. हानी उशिरा कळल्यास मुदत कधीपासून मोजायची, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने डॉ. श्रीखंडे प्रकरणात (2011) केला आहे. परंतु त्याच प्रकरणात अनेक वर्षे वेदना सोसून चौकशी न केलेल्या रुग्णाची तक्रार मुदतबाह्य ठरली. त्यामुळे मुदत शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच धरा. तुमच्या हाती आठ महिने आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आई जिथे राहते तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही लागत नाही.

मामांचा संताप मी समजू शकतो, पण पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा अत्यंत ठळक असावा लागतो आणि त्यावर स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते. या हकिकतीत आज तरी तसे काही दिसत नाही, आणि त्या वाटेने आईच्या उपचारांचा खर्च वसूल होण्याची शक्यताही फारशी नाही. नोंदी हाती आल्यावर चित्र बदलले, तर त्या प्रश्नाचा तेव्हा पुन्हा विचार करता येईल.