वाचकांचे प्रश्न : ‘स्वयंसेवक’ पलटण आणि नाकारलेला पगार

प्रश्न : अमेरिकेच्या यादवी युद्धातील बऱ्याच पलटणींच्या नावात ‘स्वयंसेवक’ हा शब्द दिसतो. हे सैनिक बिनपगारी लढत होते काय? ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने दीड वर्ष पगार घेतला नाही, असे वाचनात आले. त्याचा या शब्दाशी काही संबंध आहे का? आणि फोर्ट वॅग्नरच्या लढाईनंतर या पलटणीचे पुढे काय झाले?

उत्तर : मराठीत ‘स्वयंसेवक’ म्हटले की मोबदला न घेता काम करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे ही शंका साहजिक आहे. त्या युद्धात मात्र या शब्दाचा अर्थ निराळा होता. १८६१ साली अमेरिकेची खडी फौज जेमतेम सोळा हजारांची होती. तेवढ्या बळावर युद्ध चालणे शक्य नसल्याने अध्यक्ष लिंकन यांनी राज्यांकडे माणसे मागितली. राज्याच्या गव्हर्नराने पलटण उभी करायची, तिचे अधिकारी नेमायचे, आणि मग त्या पलटणीने ठरावीक मुदतीसाठी, बहुधा तीन वर्षांसाठी, केंद्र सरकारच्या सेवेत दाखल व्हायचे, अशी ती पद्धत होती. या सैनिकांना खड्या फौजेइतकाच पगार मिळे. साध्या शिपायाला तो महिना १३ डॉलर होता.

५४व्या पलटणीने पगार घेतला नाही, त्याचे कारण वेगळे आहे, आणि माझ्या मते या पलटणीच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. गुलामांच्या मुक्तीच्या १ जानेवारी १८६३च्या जाहीरनाम्यानंतर मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी कृष्णवर्णीयांची पलटण उभारण्याची परवानगी मिळवली. त्या राज्यात कृष्णवर्णीयांची वस्ती थोडी असल्याने पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायो अशा इतर राज्यांतूनही तरुण आले. गुलामगिरीविरुद्ध लढणारे कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांचे दोन मुलगे त्यांत होते. अधिकारी गोरे, आणि कर्नल होता २५ वर्षांचा रॉबर्ट गूल्ड शॉ. भरती करताना इतर सैनिकांइतकाच पगार मिळेल, असे वचन या सर्वांना दिले गेले होते.

परंतु १८६२च्या एका कायद्याने लष्करात कामाला घेतलेल्या कृष्णवर्णीयांचा पगार महिना १० डॉलर ठरवला होता, आणि त्यातले ३ डॉलर कपड्यांपोटी कापले जात. तो कायदा मुख्यतः खंदक खणणाऱ्या व ओझी वाहणाऱ्या मजुरांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. सरकारने तोच या सैनिकांना लावला. जून १८६३च्या अखेरीस ही गोष्ट पलटणीत कळली, तेव्हा वचनाप्रमाणे पूर्ण पगार द्यावा, नाहीतर या माणसांना सेवेतून मुक्त करावे, असे शॉ याने गव्हर्नरांना स्पष्ट लिहिले.

यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १८ जुलैच्या संध्याकाळी, हीच पलटण दक्षिण कॅरोलिनातील मॉरिस बेटावर फोर्ट वॅग्नर या दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या बंडखोर राज्यांच्या, किल्ल्यावरच्या हल्ल्यात सर्वांत पुढे होती. समुद्र आणि दलदल यांच्या मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून जायचे होते, त्यामुळे रांगा एकमेकींत चेपल्या गेल्या आणि तटाजवळ पोहोचताच समोरून मारा सुरू झाला. सुमारे ६०० जणांपैकी अडीचशेंहून अधिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. शॉ तटाच्या माथ्यावर पडला. झेंडेकरी कोसळताच सार्जंट विल्यम कार्नी याने झेंडा उचलला, तटावर नेला, आणि माघारीत अनेक जखमा अंगावर घेऊन तो परत आणला. किल्ला त्या रात्री पडला नाही. दक्षिणेच्या सैन्याने तो सप्टेंबरमध्ये आपण होऊन सोडला. शॉला त्याच्या सैनिकांसोबत एकाच खड्ड्यात पुरले गेले. युनियनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूच्या, अधिकाऱ्यांनी त्याचा देह हलवण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्याच्या वडिलांनीच तसे करू नये अशी विनंती केली.

इतके होऊनही पगार वाटणारा अधिकारी आला तो कमी पगार घेऊनच. पलटणीने तो घेतला नाही, आणि पुढे प्रत्येक वेळी नाकारला. सप्टेंबरमध्ये कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग याने थेट लिंकन यांना पत्र लिहून विचारले की आम्ही सैनिक आहोत की मजूर. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने फरकाची रक्कम आपल्या तिजोरीतून भरण्याचे ठरवले, तेव्हा पलटणीने तीही नाकारली, कारण मुद्दा पैशांचा नव्हता. केंद्र सरकारने आपल्याला बरोबरीचे सैनिक मानले पाहिजे, हा होता. घरी बायकामुले पैशांवाचून हाल सोसत असताना हा निर्धार टिकवणे किती कठीण गेले असेल!

अखेर जून १८६४मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, समान पगाराचा कायदा केला, पण भरतीच्या दिवसापासूनची थकबाकी १९ एप्रिल १८६१ रोजी जे स्वतंत्र होते त्यांनाच मिळणार होती. पलटणीत गुलामगिरीतून निसटून आलेलेही काही जण होते. शॉनंतरचा कर्नल एडवर्ड हॅलोवेल हा क्वेकर या गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती पंथाच्या घराण्यातला होता. त्याने शपथेचे शब्दच असे योजले की, त्या तारखेला आपल्याकडून बिनमोबदला श्रम मागण्याचा अधिकार कोणाही माणसाला नव्हता, एवढेच सैनिकाने सांगायचे. गुलाम असलेला माणूसही ही शपथ खऱ्या मनाने घेऊ शकत होता. त्या शरद ऋतूत सर्वांना पूर्ण थकबाकी मिळाली.

गुडिंगला ती मिळाली नाही. २० फेब्रुवारी १८६४ रोजी फ्लोरिडातील ओलस्टी येथे युनियनचा पराभव झाला, त्या लढाईत तो पकडला गेला आणि जुलैमध्ये अँडरसनव्हिलच्या बंदीछावणीत मरण पावला. ओलस्टीची माघार झाकण्याचे काम याच पलटणीने केले. जखमींची आगगाडी वाटेत इंजिन बिघडून थांबली, तेव्हा थकलेल्या या सैनिकांना मागे पाठवण्यात आले; त्यांनी गाडीला दोर बांधले आणि काही मैल ती हातांनी ओढत नेली. पाठलागावर असलेल्या शत्रूने कृष्णवर्णीय सैनिकांना युद्धकैदी मानण्याचेही नाकारले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचे वजन कळते.

पुढे नोव्हेंबर १८६४मध्ये हनी हिल आणि १८ एप्रिल १८६५ रोजी, म्हणजे दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांच्या शरणागतीनंतर नऊ दिवसांनी, बॉयकिन्स मिल येथे ही पलटण लढली. सार्जंट स्टीफन स्वेल्स याला गव्हर्नरांनी अधिकारपद दिले होते. युद्धखात्याने त्याला मान्यता देण्यास जानेवारी १८६५ उजाडला. ऑगस्ट १८६५मध्ये पलटण सेवामुक्त झाली. कार्नीला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले ते १९०० साली. बॉस्टनमध्ये १८९७ साली उभारलेल्या स्मारकशिल्पावर वॅग्नरला पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे सुरुवातीपासून आहेत. सैनिकांची नावे तिथे १९८०च्या दशकात कोरली गेली.