मढ्यापाशी थांब

प्रिय पोरी,

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यासाठी केलेली तुझी पक्ष्यांची यादी वाचली. शहामृग, सेक्रेटरी पक्षी, जांभळ्या छातीचा नीलपंख, आपल्या माळढोकाचा भाऊबंद कोरी बस्टर्ड. गिधाडं मात्र सगळ्यात शेवटी, तीही एका शब्दात. म्हणून हे पत्र.

पहिल्यांदा मी तिथे गेलो तेव्हा चालकाने विल्डबीस्टच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या कुरंगाच्या, मढ्यापाशी गाडी उभी केली होती. मला सिंह बघायचे होते. मी त्याला पुढे चल म्हणालो. ते अजून सलतं.

तू थांब. ऊन तापलं की आकाशाकडे बघत राहा. बॅटेलर गरुड दिसेल, आखूड शेपटीचा, उडताना दोन्ही बाजूंना डुलणारा. गिधाडं अशा गरुडांवर आणि एकमेकांवर नजर ठेवून असतात. एक उतरलं की लांबची वळतात. मग मढ्यावर जी झोंबाझोंबी चालते, तिच्यातही ज्याची त्याची कामं असतात. जाड कातडं फाडायची ताकद लॅपेट-फेस्ड गिधाडाच्या चोचीत. रूपेलचं आणि पांढऱ्या पाठीचं गिधाड लांब मान पोटात खोल घालून मऊ मांस ओढतं. बारीक चोचीचं हुडेड गिधाड कडेकडेने फिरत सांडलवंड टिपतं. कोण कधी उतरलं, कोणी कोणाला हुसकावलं, हे वेळ घालून लिही. फोटो नंतर.

आमच्या लहानपणी गावाबाहेर जनावर टाकलं की दुपारपर्यंत हाडं उरत. पुढे गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाऊन आपली गिधाडं संपत आली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर माझ्या गावचं आकाश रिकामं झालं होतं. आफ्रिकेत थेट विष घालतात. गुरं मारणाऱ्या सिंहासाठी मढ्यात कालवलेलं विष गिधाडांच्या पोटात जातं. हस्तिदंत चोरणारे तर मुद्दाम घालतात, कारण वर घिरट्या दिसल्या की वनरक्षक येऊन पोचतात. 2019 मध्ये बोट्स्वानात मारलेल्या तीन हत्तींच्या मढ्यांवर 537 गिधाडं मेली. पांढऱ्या पाठीचं गिधाड, जे तुला सगळ्यात जास्त दिसेल, तेही आज अतिसंकटग्रस्त आहे.

ऑगस्टमध्ये मारा नदीच्या काठीही जा. नदी ओलांडताना बुडालेल्या विल्डबीस्टवर गिधाडं आणि मराबू करकोचे जमतात. गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावायला सांग, म्हणजे वासाने तासाभरात उठावं लागणार नाही.

तुझा,
काका