पहिले आठ दिवस काहीच करू नको

अरे बाळा,

तू गेलास त्या रात्री मला झोप लागेना. तू निपाणीच्या बाजारातनं आणलेली जुनी बार्बी बाहुली दाखवलीस, मी छान आहे म्हटलं, चहा दिला, कुंदा दिला, आणि सांगायचं ते राहूनच गेलं. जाता जाता दारात चप्पल घालताना तू म्हणालास की मावशी, घरी जाऊन पहिलं हिचे केस उकळत्या पाण्यातनं काढतो, व्हिडिओत बघितलंय. तेव्हाच अडवायला पाहिजे होतं, खरं तुझी निपाणीची बस चुकली असती. म्हणून हे लिहायला बसले, कारण फोनवर सांगितलं की निम्मं तू विसरतोस.

केस उकळू नको. कदाचित पुढे गरम पाणी लागेलही, पण आधी केस कशाचे आहेत ते तरी बघशील की नाही? फरशीवर तिचा एखादा गळालेला केस सापडेल, तो वाटीभर पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून त्यात बुडव. वर तरंगायला लागला तर पॉलिप्रॉपिलीन, एक हलकं प्लॅस्टिक, त्याला गरम पाण्याने फारसा फरक पडत नाही आणि इस्त्री लावलीस तर सरळ वितळतो. बुडाला तर बहुतेक नायलॉन नाहीतर सॅरान, हेही प्लॅस्टिकचेच धागे, खरं त्यांना गरम पाणी सोसतंय. आणि कंपनीने घातलेले मूळचे कुरळे वळण असतील तर एका गरम पाण्यात ते गेले, परत तसेच येत नाहीत. त्यामुळे आधी कोमट पाणी, थोडा शाम्पू, मग कंडिशनर भरपूर, आणि कंगवा टोकाकडून वर वर. मुळाकडून ओढायला लागलास की टाळू दिसेपर्यंत थांबणार नाहीस हे मला माहितीय. आणि धुतल्यावर दोन दिवसांनी केस परत तेलकट चिकट झाले तर घाबरू नको, तुझं काही चुकलेलं नाही. बऱ्याच बाहुल्यांच्या डोक्यात आतून गोंद असतोय, तो झिरपत बाहेर येतो, कितीही धुतलं तरी.

तुला वाटेल मावशी भित्री आहे. भित्री नाही, भाजलेली आहे. सांगते ऐक.

माझ्याकडे एक होती, गोरी, सोनेरी केसांची, आमच्या शेजारणीच्या पोरीने लग्न होऊन जाताना दिलेली. तिला मी नऊवारी नेसवली. शिलाईकाम करते म्हटल्यावर चिंध्यांना काय कमी, गुळेदगुड्डच्या खणाचा एक मस्त तुकडा होता लालभडक, त्याची चोळी केली, आणि त्याच रंगाच्या सुती कापडाचं लुगडं. एवढी सुंदर दिसत होती की काढवेना. मिरगाच्या आधी कपाटात ठेवली आणि बेळगावचा पाऊस तुला माहितीच आहे, भिंतीतनं पाणी येतंय, कपाटात चपला बुरसतात. दसऱ्याला बाहेर काढली, लुगडं सोडलं, तर दोन्ही मांड्या, पोटऱ्या लाल! म्हणजे डाग नव्हे रे, रंग आत शिरलेला. साबण, रॉकेल, लिंबू, सगळं केलं. आणि मग अतिशहाणपणा केला, नेलपॉलिशचं रिमूव्हर लावलं. पायाचं झालं ते झालं, खरं अंगाचा कडक प्लॅस्टिकचा भाग तर चिकट होऊन माझ्या अंगठ्याचा ठसा त्यावर उठला. अजून आहे तो ठसा. येशील तेव्हा दाखवते.

तेव्हा कळलं की बाहुली एकाच वस्तूची नसते. डोकं आणि पाय बहुतेक वेळा मऊ व्हिनाइलचे, म्हणजे पीव्हीसीचे, धड कडक प्लॅस्टिकचं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही. मऊ भागात जो प्लास्टिसायझर, म्हणजे प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन, मिसळलेला असतो तो वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतो. म्हणून जुन्या बाहुल्यांचे पाय चिकट होतात, म्हणून त्यांच्यावर धूळ बसते, आणि म्हणूनच गडद रंग त्यांच्यात असा शिरतो. चिकट पाय साबणाने धुवायचे, पुसायचे, वरून थोडी टाल्कम पावडर. पुन्हा चिकटणार, पुन्हा धुवायचे. आणि दोन बाहुल्या एकमेकींना टेकवून ठेवू नको, एकीचा मऊ पाय दुसरीच्या कडक अंगाला महिनोन्महिने लागून राहिला तर तिथं वितळल्यासारखा खड्डा पडतो.

तुझ्या बाहुलीच्या कानापाशी हिरवट डाग आहे बघ, मी भिंगातून बघितला. ते शेवाळ नव्हे. कानातल्याच्या तारेतलं तांबं आणि व्हिनाइल यांचं जमत नाही, त्याचा तो हिरवा रंग. पहिलं काम म्हणजे कानातलं हळूच काढ, हे मात्र आजच कर. मग मुरुमांवर लावतात ती बेंझॉयल पेरॉक्साइडची जेल, औषधाच्या दुकानात मिळते, फक्त डागावर टोकाने लावायची, वर स्वयंपाकघरातला पातळ प्लॅस्टिक कागद गुंडाळायचा आणि खिडकीत ठेवायचं. दिवस लागतात, कधी आठवडे. ओठांना, गालांना, केसांना लागू देऊ नको, रंग उडतो. रोज बघ, आणि गेला की धुऊन टाक. कधी कधी वर्षभराने परत उमटतो, म्हणजे आतपर्यंत गेलेला असतो. मग राहू दे. कानावर केस सोडले की कोण बघतंय.

आता त्या बाजारवाल्याचं. त्याने तुला पाठीवरचं १९६६ दाखवून साठ वर्षांची अँटिक म्हणून जास्त पैसे उकळले, होय ना? अरे, तो आकडा त्या धडाच्या साच्याच्या कॉपीराइटचा असतो, बाहुली केव्हा बनली त्याचा नव्हे. १९९० नंतरच्या बार्बीच्या पाठीवरसुद्धा १९६६ असतंय. मानेच्या मागे केसांखाली वेगळा आकडा असतो, तोही डोक्याच्या साच्याचा. त्यापेक्षा कुठल्या देशात बनली ते नाव वाच, चेहऱ्याचं रंगकाम बघ, मग अंदाज येतो. पहिली बार्बी ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत आली आणि ती जपानात बनलेली होती, ती निपाणीच्या आठवडी बाजारात दोनशे रुपयाच्या ढिगात सापडणार नाही. सापडली तर पहिलं मला फोन कर!

तू अजून एक बोलला होतास, हळूच, की दादा हसतो, पोरगा असून बाहुल्या. तुझा दादा दिवाळीत किल्ला करायचा का नाही? करायचाच, आपल्याकडे गल्लोगल्ली करतात, माती कालवून बुरूज, अळीव पेरून शेत, आणि मातीचे मावळे, तोफा, दरवाजात हत्ती. मग मावळा राजाच्या सिंहासनापेक्षा मोठा दिसला की सगळे ओरडायचे. तेच प्रमाण, तेच काम. तो करत होता तेव्हा मिनिएचरच, म्हणजे खऱ्या वस्तूंच्या छोट्या प्रतिकृतीच करत होता, फक्त त्याला कुणी नाव ठेवलं नाही. दादाला हे सांग, नको सांगूस, तुझी मर्जी.

प्रमाणावरून आठवलं. फॅशन बाहुली साधारण एकास सहा असते, उंची साडेअकरा इंच. घरगुती मिनिएचरचं सामान बरंचसं एकास बारा, म्हणजे एका फुटाला एक इंच. दोन्ही एकत्र मांडलंस की बाहुली राक्षसीण दिसते. भातुकलीची पितळी भांडी तर पोरांच्या हाताच्या मापाची, त्यातलं एखादं पातेलं चालून जातं, बाकी सगळं तिच्या डोक्याएवढं. कुठलीही वस्तू घेताना खरी केवढी असते ते सेंटीमीटरमध्ये धर आणि सहाने भाग. बारा सेंटीमीटरचा तांब्या दोन सेंटीमीटरचा झाला पाहिजे. कोल्हापुरी चपलेचं कीचेन मिळतं ना, ते मी दोन आणले, तिच्या पायात जात नाहीत कारण तिची टाच उंच चपलेसाठी वर उचललेली, खरं दारात उंबऱ्याशी काढून ठेवले की फोटोत घर जिवंत होतं.

साडीचंही तेच गणित, पाच साडेपाच मीटरची साडी सहाने भागली की नव्वद सेंटीमीटरच्या आसपास, रुंदी एकोणीस. मापं भागली जातात पण कापडाची जाडी भागली जात नाही, तिथंच सगळे फसतात. नव्या कापडाच्या निऱ्या पोटावर उशी बांधल्यासारख्या फुगतात. शंभर वेळा धुतलेलं विरलेलं सुती घे. निऱ्या ओल्या करून बोटाने बसव, दोऱ्याने सैल गुंडाळ, रात्रभर ठेव. आणि आधी ते कापड ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघ, रंग सोडतंय का. सोडलं तर आतून पांढरा पातळ परकर, आणि फोटो झाला की त्याच दिवशी कपडे काढायचे. मी आता पावसाळ्यात सगळ्यांना उघड्याच झोपवते, पांढऱ्या मलमलीत, बाजूला सिलिका जेलच्या पुड्या. घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.

फोटोचं थोडक्यात. मोबाईल तोंडाशी नेऊ नको, दोन हात लांब राहून झूम कर, नाहीतर नाक स्पष्ट आणि कान धूसर. फोन तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आण, म्हणजे तुला फरशीवर झोपावं लागणार. वरून काढलास की ती खेळणंच दिसते. सकाळची खिडकी, त्यावर बटर पेपर, समोरून थर्माकोलचा तुकडा. पोर्ट्रेट मोड बंद, तो केस खातो.

चेहरा पुसून नवा रंगवायचा विषय तू काढलास, त्यावर माझं मत कडक आहे आणि तुला पटणार नाही. जिचा चेहरा शाबूत आहे तिचा पुसायचा नाही. सरावाला अगदी भंगारातली, ओठ उडालेली घे, दहा घे. आणि कधी विकलीस तर काय काय बदललंस ते गिऱ्हाइकाला आधी सांग.

तर आता आठ दिवस काही करायचं नाही. कानातलं काढ, आणि नुसती बघ, उजेडात, भिंगातून, वहीत लिही कुठं काय आहे. मान ओढून काढायची नाही, ती थंडीत कडक होऊन फाटते. पुढच्या रविवारी शहापूरला ये, गरम पाण्यात डोकं मऊ करून कसं काढतात ते माझ्यासमोर कर. आणि येताना आजीला विचारून तिच्या जुन्या लुगड्याचा हातभर तुकडा आण, अगदी विरलेला, काठ नसला तरी चालेल.

तुझी,
मावशी